किचन थर्मामीटर रिव्ह्यू : पाकासाठी सोनं, कुकीजसाठी शून्य

सणाचं गोडधोड घरी करणाऱ्यांनी भारी मिक्सर, साचे, नोझलचे सेट, फिरतं केक स्टँड असलं सगळं घेण्याआधी एक साधा पेनासारखा डिजिटल थर्मामीटर घ्यावा असं माझं ठाम मत झालंय. यंदाच्या तयारीत कॅरमेल, फज (दूध-साखरेची मऊ वडी), मार्शमॅलो, मेरिंग (साखर घालून फेटलेलं अंड्याचं पांढरं), ब्रेड, चीजकेक, चॉकलेटं असा सगळा गोंधळ घालून झाला आणि हा बापडा प्रत्येक वेळी ओट्यावर हजर होता. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हीच वस्तू दहा नावांनी विकायला असते, आतलं मशीन तेच, फक्त रंग वेगळा. वर छोटा डिस्प्ले, पुढे स्टीलची लांब काडी, मागे बटण सेल, आणि रेंज उणे ५० ते ३०० अंश. (सगळे आकडे सेल्सिअसमध्ये देतेय.) पाचपैकी चार स्टार, एक कुठे कापला ते पुढे सांगते.

आधी एक क्लिअर करते. ताप बघायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ४२-४३ च्या वर जातच नाही. आणि गोल डायलवर काटा फिरतो तो प्रकारही पाकासाठी घेऊ नका. त्याच्या काडीत दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते, ती पाचेक सेंटिमीटर तरी बुडाली तर आकडा खरा, आणि घरच्या पातेल्यात एवढा खोल पाक असतो कुठे! डिजिटलचा सेन्सर अगदी टोकाला असतो, त्यामुळे थोडक्या पाकातही काम होतं, फक्त टोक पातेल्याच्या बुडाला टेकवायचं नाही. टेकलं की तो पाकाचं नाही, भांड्याचं तापमान सांगतो.

आता पाक. बोटांत तार बघायची, नाहीतर थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून गोळी होते का बघायची, ही पद्धत चुकीची मुळीच नाही, ज्यांचा हात बसलाय त्यांना कुठल्याच यंत्राची गरज नसते. प्रॉब्लेम एवढाच की आपण वाटीत थेंब चिवडत बसतो तेवढ्या वेळात गॅसवरचा पाक पुढे निघून गेलेला असतो. थर्मामीटर इथे कामाला येतो कारण उकळत्या पाकाचं तापमान म्हणजे खरं तर पाकात पाणी किती उरलंय त्याचा आकडा. साखर जितकी जास्त आणि पाणी जितकं कमी तितकं ते मिश्रण जास्त तापमानाला उकळतं. ११२ ला साखर साधारण ८५ टक्के झालेली असते, दीडशेच्या आसपास जवळजवळ ९९ टक्के. म्हणजे पाणी किती उडालं हे आपल्याला मोजता येत नाही पण तापमान मोजता येतं, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

साधारण १०६ ते ११२ ला तार येते. ११२ ते ११६ मऊ गोळी, ११८ ते १२० जरा घट्ट गोळी, १२१ ते १३० कडक गोळी. १३२ ते १४३ ला पाण्यात टाकलेला पाक वाकतो आणि मग मोडतो, आणि १४६ ते १५४ ला सरळ काचेसारखा कट्कन तुटतो. त्याच्या पुढे साखर रंग धरायला लागते, १७० च्या आसपास सुंदर तांबूस, १८० ओलांडलं की कडवटपणाकडे प्रवास सुरू. हे आकडे मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, रेसिपी कुठलीही असो, बघायचं तिथेच.

पहिल्यांदा वापरताना एक गंमत होते. १०४-१०५ ला आकडा असा काही अडकून बसतो की वाटतं यंत्र बिघडलं. बिघडलेलं नसतं, अजून पाणी भरपूर आहे आणि गॅसची सगळी ताकद ते उडवण्यात जातेय, म्हणून आकडा मुंगीच्या पावलांनी सरकतो. मग पाणी कमी झालं की तोच आकडा धावत सुटतो, ११५ वरून १२० वर जायला काहीच वेळ लागत नाही आणि दीडशेच्या पुढे तर डोळ्यांची पापणी लवायची सोय नाही. त्यामुळे ११० दिसलं की गॅस बारीक करा आणि फोन लांब ठेवा. जाड बुडाचं पातेलं असेल तर हवा तो आकडा यायच्या दोन-तीन अंश आधीच गॅस बंद करा, कारण भांड्यातली उष्णता पाकाला अजून थोडं पुढे ढकलतेच.

नवीन थर्मामीटर आणला की आधी परीक्षा घ्या. बर्फाचा चुरा ग्लासभर, त्यात बर्फाच्या फटी भरतील एवढंच पाणी, ढवळून मधोमध काडी धरायची, ० यायला हवं. माझ्यावर पाऊण-एक अंशाचा फरक येतो, तो चालतो. मग खळखळ उकळतं पाणी, तिथे १०० यायला हवं, पण हे समुद्रकाठी. वर चढत गेलं की दर ३०० मीटरला पाणी साधारण १ अंश आधीच उकळतं, म्हणजे ९०० मीटर उंचीवरच्या घरात ९७ दिसलं तर यंत्र बरोबरच आहे. आणि इथेच खरी युक्ती आहे बघा, पाकासाठी यंत्राची चूक किती आणि उंचीचा परिणाम किती हे वेगळं काढत बसायची गरजच नाही. तुमच्याकडे उकळतं पाणी जो आकडा दाखवेल तो १०० पेक्षा जितका कमी, तितकेच अंश रेसिपीतल्या गोळीच्या आकड्यातून वजा करायचे, झालं काम. हवामान बदललं, सेल बदलला, तरी दोन मिनिटांत पुन्हा तपासता येतं. फक्त हा हिशोब उकळण्याशी संबंधित गोष्टींनाच लावा. चॉकलेट वितळणं, अंडं शिजणं, साखर तांबूस होणं याला उंचीशी काही देणंघेणं नाही, तिथे फक्त यंत्राची चूक वजा-अधिक करायची, ती बर्फातल्या आकड्यावरून कळते.

फजला हा थर्मामीटर दोनदा लागतो आणि दुसऱ्या वेळचं बहुतेक रेसिपींत नीट लिहिलेलंच नसतं. पहिलं म्हणजे ११२ ते ११६ पर्यंत शिजवणं, ते सगळ्यांना माहितीये. दुसरं, नंतर हात न लावता ४५ च्या आसपास थंड होऊ देणं आणि मगच घोटणं. गरम असताना ढवळलं की साखरेचे मोठे मोठे खडे बनतात आणि फज दाताखाली रवाळ लागतं, थंड झाल्यावर घोटलं की असंख्य बारीक खडे एकदम बनतात आणि जिभेला ते मऊ लागतं. पातेल्याला हात लावून ‘कोमट वाटतंय’ म्हणून सुरुवात केली की बऱ्याचदा आत अजून साठ-सत्तर अंश असतात. इथे थर्मामीटरने जो फरक पाडला तो मला बाकी कुठेच एवढा दिसला नाही, तेच साहित्य, तोच हात, आणि वडी एकदम दुकानातल्यासारखी गुळगुळीत.

मऊ कॅरमेलला क्रीम-लोणी घातल्यावर ११८-१२० ला थांबा, एक-दोन अंशांनी वडी दाताला चिकटणारी किंवा दगड होते, इथे अंदाजपंचे काम करूच नये. मार्शमॅलोचा पाकही त्याच आसपास, जिलेटिन बाजूला भिजवून तयार पाहिजे. इटालियन मेरिंगला ११८ चा पाक फेटलेल्या पांढऱ्यात बारीक धारेने सोडायचा असतो, मी पाक ११० ला आला की अंडी फेटायला घेते, दोन्ही एकाच वेळी तयार होतात. पाक एकट्याने सांभाळायचा असेल तर लिंबाचे दोन-चार थेंब किंवा थोडा ग्लुकोज घालून ठेवा. आंबटाने थोडी साखर फुटते आणि ती बाकीच्या साखरेला पुन्हा खडे धरू देत नाही.

चॉकलेटच्या बाबतीत तर मला वाटतं थर्मामीटरशिवाय टेंपरिंग (चॉकलेट ठरावीक अंशांवर वितळवून, उतरवून परत गरम करणं) करणारे लोक एकतर फार अनुभवी असतात किंवा फार धाडसी. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं आणि आपल्याला त्यातला पाचवा प्रकार हवा असतो, जो चकाकतो, कट्कन मोडतो आणि ३३-३४ अंशांना वितळतो, म्हणजे हातात टिकतो पण तोंडात विरघळतो. त्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० पर्यंत वितळवायचं, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि परत ३१-३२ वर आणून वापरायचं. मिल्क चॉकलेटला शेवटचा आकडा २९-३०, व्हाइटला २८-२९. ३२ आणि ३४ मधला फरक हाताला कळत नाही, ओठाला लावून बघणारे लावतात, पण यंत्राला कळतो आणि इथे यंत्राचाच विजय. चॉकलेटसाठी काडी आधी अगदी कोरडी करा, पाण्याचा एक थेंबही चॉकलेटचा गोळा करून टाकतो.

अंड्याचं कस्टर्ड ८२ ते ८४ ला थांबवायचं, त्याच्या पुढे गेलं की फाटतं. पण कॉर्नफ्लोअर घातलेलं असेल तर उलट नियम, ते चांगलं उकळून बुडबुडे आलेच पाहिजेत, नाहीतर बलकातलं एंझाइम जिवंत राहतं, स्टार्च खाऊन टाकतं आणि रात्री घट्ट ठेवलेलं कस्टर्ड सकाळी पातळ. म्हणजे तिथे थर्मामीटर ठेवून द्या आणि डोळ्यांनी बघा. स्विस मेरिंगला पांढरं आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर ७१ पर्यंत न्यायचं, बोटाने साखर विरघळली का एवढंच बघून सोडणाऱ्यांना मी सांगेन की सणाला घरात म्हातारी माणसं, लहान पोरं सगळी खाणार, तर अंडं नीट गरम झालंय हा आकडा डोळ्यांनी बघितलेला बरा.

आता बेकिंग. इथे माझं मत जरा मिक्स आहे.

ब्रेड आणि चीजकेकला जबरदस्त उपयोग. चीजकेक बघून शिजला का कधीच कळत नाही, कडा घट्ट आणि मध्ये थरथर हे वर्णन प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं, मधोमध ६५-६६ आलं की ओव्हन बंद. सत्तरच्या पुढे गेला की वर भेग पडायची शक्यता वाढत जाते. काडीचं छोटं भोक राहतं पण वर काहीतरी पसरणारच असता ना. ब्रेडला मधे ९३ ते ९८, लोणी-अंडी घातलेल्या मऊ गोड ब्रेडला ८८-९० पुरे. पण एक सांगते, ब्रेडच्या बाबतीत हा आकडा म्हणजे शेवटचा निकाल नाही. आतलं पाणी १०० च्या वर जाऊच देत नाही, त्यामुळे ९५-९६ ला पोचल्यावर ब्रेड तिथेच बराच वेळ बसून राहतो आणि कडा अजून पांढुरक्या असू शकतात. आकडा एवढंच सांगतो की आत कच्चं नाहीये. रंग आणि वजन हातानेच बघायचं.

केकला ९६ ते ९९ असं म्हणतात, खरं आहे, पण सुरी किंवा टूथपिक तेच काम करते आणि तिला सेल लागत नाही. कुकीजला शून्य उपयोग, त्या इतक्या पातळ असतात की काडी खुपसायची कुठे! ज्यांना फक्त कुकीज आणि साधा केक करायचाय त्यांनी हे पैसे वाचवून वजनकाटा घ्यावा, त्याचा फायदा जास्त. हां, लोणी-साखर फेटायच्या आधी लोणी १८-२० अंशांवर आहे का बघायला मी काडी खुपसते. लोणी याहून गरम झालं की त्यात हवा टिकत नाही आणि केक चपटा येतो. यीस्टचं पाणी पण बघते, ३५ ते ४० बरं, साठला यीस्ट मेलं.

ओव्हनच्या आतलं तापमान मात्र या पेनाने बघू नका, दार उघडलं की सगळी हवा बाहेर. त्यासाठी जाळीवर ठेवायचा वेगळा स्वस्त काट्याचा थर्मामीटर मिळतो आणि तो खरंच घ्या, कारण घरच्या छोट्या ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यात आणि आतल्या तापमानात १०-२० अंशांचा फरक अगदी सर्रास असतो. कॉइल चालू-बंद होत राहते म्हणून काटा सतत वरखाली होतो, तेव्हा एकदाच बघून ओव्हनला शिव्या घालू नका, वीसेक मिनिटं चालू देऊन मधला आकडा धरा.

आता कापलेला स्टार. हा दर दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो. सेल वाचवायला चांगलंय पण कॅरमेल १४० वर असताना डिस्प्ले काळा झाला की काय वाटतं ते ज्याचं त्यालाच माहीत. आकडा स्थिर व्हायला सहा-सात सेकंद लागतात, शांत पाण्यात ठीक, पण पळत्या पाकात तो जो आकडा दाखवतो तो जरा जुना असतो, म्हणजे १५० दिसतोय तेव्हा खरा १५३ असू शकतो. थर्मोकपलवाले (वेगळ्या, झटपट सेन्सरचे) दोन-तीन सेकंदांत सांगतात पण ते महाग आणि सणापुरतं करणाऱ्याला तेवढं नको. भांड्याला अडकवायची क्लिप नाही, त्यामुळे हात वाफेवर धरून उभं राहायचं. मी लाकडी उलथन्याला काडी रबराने बांधून काम भागवते, पण क्लिप द्यायला कंपनीला काय झालं होतं? आणि सेल्सिअस-फॅरेनहाइटचं बटण असं बाजूला उघडं आहे की टॉवेलने पुसतानाही दाबलं जातं. एकदम २४० दिसलं की पोटात गोळा येतो, तर ते असतं फॅरेनहाइट, म्हणजे ११६, सगळं ठीक. (तसं बघायला गेलं तर सेल्सिअस साहेबांनीही १७४२ मध्ये आपली पट्टी उलटीच लावली होती, पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १००, ती नंतर फिरवली गेली. म्हणजे गोंधळाची परंपरा जुनी आहे.)

लेझरची बंदूक (न टेकवता लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर) घ्यावी का असं खूप जण विचारतात, दिसायला तीच भारी. पाकासाठी नको. एक तर ती फक्त वरचा पृष्ठभाग मोजते, वरचा थर थंड आणि खाली उकळतंय असं पाकात सहज असतं, वर वाफ मध्ये येते, आणि चकचकीत स्टीलवर धरली तर तव्याचं सोडून समोरच्या भिंतीचं तापमान सांगावं तसा काहीतरी आकडा देते, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर सोडतच नाही, दुसऱ्याचीच परावर्तित करतो. लाल ठिपका मोजत नाही बरं का, तो फक्त नेम धरायला. चॉकलेट सतत ढवळत असाल तर तिथे बंदूक चालते, हात न लावता पटकन आकडा मिळतो.

वायरवाला प्रोब, म्हणजे काडी ओव्हनमध्ये आणि डिस्प्ले बाहेर, ब्रेडसाठी मस्त आहे. हव्या त्या आकड्याचा अलार्म लावून बाकीची कामं करता येतात आणि पाकालाही तोच लावला तर वाफेवर हात धरायची भानगड नाही, वर आपोआप बंद होण्याचाही प्रश्न नाही. सणाला चार पदार्थ एकदम चालू असतील तर हाच घ्या असं म्हणेन, पेन नंतर. पण त्याची दुखणी वेगळी. काडी आणि वायर जिथे जोडलेली असते तिथे पाणी शिरलं की आकडे वाट्टेल ते यायला लागतात, त्यामुळे तो नळाखाली धरायचा नाही, सिंकमध्ये टाकायचा तर नाहीच, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. पाक चिकटून कडक झाला असेल तर खरवडू नका, काडीचं फक्त टोक गरम पाण्याच्या ग्लासात दोन मिनिटं उभं ठेवा, साखर आपोआप सुटते. आणि वायर ओव्हनच्या कॉइलला टेकू देऊ नका, तिच्यावरचं आवरण साधारण अडीचशेच्या आसपासच टिकतं, विकत घेताना बॉक्सवर प्रोबचा नाही तर वायरचा आकडा वेगळा बघून घ्या.